कामठ्यासोबत जाणाऱ्या वस्तू

पुरुषोत्तमनगरात उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की उसाच्या आणि केळीच्या शेंड्यांवर सातपुड्याची रांग दिसते. पाऊस सरून थंडी पडली की फारच स्पष्ट दिसते. अलीकडे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची चिमणी, पलीकडे डोंगर. कारखाना पी. के. अण्णा पाटलांनी उभा केला आणि त्याच्याभोवती आमचं गाव वाढलं. डोंगराच्या पायथ्याशी, शहाद्याच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर एक भिल्ल म्हातारबाबा राहतात. ते कामठे, म्हणजे बांबूची धनुष्यं, करतात आणि चालवतात. पाड्यावर सगळे त्यांना नुसतं बाबा म्हणतात; मीही बाबाच म्हणतो, आणि इथे नाव लिहायची गरज नाही.

या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांचं कौतुक करायला गेलं की ते उठून शेळ्यांकडे जातात. त्यामुळे त्यांच्या कामाला जे जे लागतं आणि जे एकेक करून दिसेनासं होत चाललंय, त्याची ही नोंद करतो आहे.

बेट

कामठा बांबूच्या बेटात सुरू होतो. आपल्याकडच्या डोंगरात मुख्यतः मानवेल जातीचा बांबू. कोरड्या, दगडाळ उतारावर वाढला तर तो आतून जवळजवळ भरीव असतो. नाल्याकाठचा बांबू पाण्यावर पोसलेला, उंच आणि देखणा, पण पोकळ. बाबा त्याच्याकडे बघतही नाहीत. चढावरचा, पाण्यासाठी झगडलेला, मध्यम जाडीचा, सरळ पेरांचा बांबू त्यांना लागतो. वयही बघायचं. कोवळ्या बांबूवर पांढरट भुकटी असते, गाठींशी कोंबाची टरफलं चिकटलेली असतात. तीन पावसाळे गेले की भुकटी जाते, अंगावर बुरशीचे ठिपके येतात, आवाज बदलतो. मडकं पारखावं तसा बाबा कुऱ्हाडीच्या तुंब्याने बांबू वाजवून बघतात.

तोडायचा तो थंडीतच, आणि अंधाऱ्या पंधरवड्यात. पंधरवड्याचं मला सांगता येणार नाही, थंडीचं कारण मात्र पक्कं आहे. पावसाळ्यात नवे कोंब वर काढताना बेटातला साठा खर्ची पडलेला असतो. त्यानंतर तोडलेल्या बांबूत घुणकिड्याला खायला कमी सापडतं. उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूचा कामठा दोन-तीन महिन्यांत पिठासारखी भुकटी गाळू लागतो.

या बेटावर हक्क कुणाचा, हा प्रश्न बाबांच्या उभ्या आयुष्याला पुरला. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडांत धरलं. झाड म्हटलं की तोडायला परवाना आणि न्यायला पास. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं, पण कागदावरचं हातात यायला 2011 उजाडलं, तेही गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा या एका गावात, जिथे ग्रामसभेच्या हाती वाहतुकीचे पास आले. वनाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला 2017 साली. म्हणजे नव्वद वर्षं एका गवताला कायदा झाड म्हणत होता, आणि तेवढी वर्षं कामठ्यापुरता एक बांबू आणणारा माणूस वनरक्षकाला चुकवत वाट काढत होता. बाबा त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत. कोणत्या वाटेने यायचं ते मात्र त्यांना अजून पाठ आहे.

सुरी

हिच्याबद्दल जरा थांबून लिहिलं पाहिजे.

सुरी वीतभर, पात्याला पोट आलेलं, मुठीला कापडाची चिंधी. बांबू उभा चिरून, कडा मोडून, पट्टी साधारण आकाराला आली की बाबा ओट्यावर बसतात. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली, दुसरं काखेत. मग सुरी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढत जातात. सोलायचं ते फक्त आतल्या अंगाने. बाहेरची साल जशीच्या तशी राहिली पाहिजे, कारण बांबूचे दोरे त्या बाजूला दाट असतात आणि खरा जोर तिथेच असतो. सालीवर एक ओरखडा गेला तर ताण आल्यावर तिथूनच धागा उचलतो आणि मग सगळी पट्टी फुटते. गाठीवर सुरी आली की हात हलका होतो. गाठ तासून सपाट करायची नाही. तिच्या अलीकडे-पलीकडे थोडं जास्त सोलायचं, गाठीवर थोडं मांस राखायचं.

टोकांकडे पट्टी निमुळती, मध्ये मुठीपाशी रुंद. ओबडधोबड तयार झाली की दोरी सैल बांधून पहिला बाक द्यायचा. गुडघा मध्यावर, दोन्ही हात टोकांवर. बाबा तेव्हा बोलत नाहीत. डावं अंग आणि उजवं अंग सारखं वळतंय का, कुठे ताठ राहिलंय, कुठे एकदम मोडल्यासारखं वाकतंय, हे बघतात. ताठ दिसलं तिथे चुलीतल्या कोळशाने रेघ. दोरी सोडायची, रेघेवर चार वेळा सुरी ओढायची, पुन्हा दोरी, पुन्हा बाक. जिथे जास्त वाकतं तिथे काहीच करता येत नाही. गेलेलं परत येत नाही. म्हणून उरलेलं सगळं त्याच्या बरोबरीला आणायचं. या खेपा किती होतात ते मी मोजलं नाही. एवढं बघितलं की शेवटी शेवटी सुरीखालून निघणारा भुसा कागदापेक्षा पातळ होता, वाऱ्याने उडत होता, आणि तरी बाबा दर वेळी पट्टी उन्हाकडे धरून तिची कड बघत होते.

मापपट्टी नाही. कामठा ज्याचा, त्याच्या उंचीचा. ज्याला द्यायचा त्याला शेजारी उभं करायचं.

याच मापाची एक जुनी नोंद आहे. ग्रीक इतिहासकार एरियनने सिकंदराच्या नौदलप्रमुखाच्या, निआर्कसच्या आधाराने लिहून ठेवलंय की हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीएवढं असतं, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात, आणि त्याच्या तीरापुढे ढाल टिकत नाही. त्याहून जुना हेरोडोटस. इराणच्या झर्क्सीसच्या सैन्यात सुती कपडे घातलेले हिंदी सैनिक होते, त्यांची धनुष्यं वेताची किंवा बांबूची, तीरही तसलेच आणि टोकाला लोखंड, असं त्याने सांगितलंय. ती स्वारी इसवी सनापूर्वी 480 ची. आज पायथ्याच्या ओट्यावर बनतं ते सामान हेच आहे.

पट्टी

कामठ्याची दोरी सुताची नसते, चामड्याची नसते. बांबूच्याच सालीची पातळ लांब पट्टी, दोन्ही टोकांना दोऱ्याचे फास. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूची. एकाच कांबीतून दोन्ही निघतात. सुताच्या दोरीसारखी ही पट्टी ताणल्यावर लांबत नाही, त्यामुळे हाताने दिलेला सगळा जोर तीराला मिळतो. सोडल्यावर तिचा आवाजही वेगळा येतो, कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.

आता नायलॉनची दोरी लावतात. नायलॉन कुठेही मिळतं, तुटत नाही. बाबाही नाचासाठी मागितलेल्या कामठ्यांना नायलॉन लावतात. स्वतःच्या कामठ्याला नाही.

बोरू

तीराची काडी बोरूची. गोमाई नदीच्या काठाला, ओढ्यांच्या पाणथळीत बोरू उभा असे. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्याच्या लेखण्या केल्या तोच. काठ नांगरले गेले, वाळू उपसली गेली, पाणी विहिरींनी आणि बोअरने खाली नेलं. आता चांगल्या काडीसाठी लांब जावं लागतं.

काडी वाकडी असतेच. निखाऱ्यावर फिरवून गरम करायची आणि दातात धरून हळूच सरळ करायची. बाबांचे पुढचे दात गेले. दाढांनी करतात.

लोहार

तीराचा फाळ लोहाराकडचा. भंगारातल्या पोलादी पट्टीतून काढलेला. पाड्यावर भाता घेऊन येणारा लोहार आता येत नाही. बाबांकडे जुने फाळ आहेत, डब्यात, तेलाच्या चिंधीत गुंडाळलेले. काडी मोडली की फाळ काढून नव्या काडीला बसवतात. नवा फाळ कुठून आणणार, हे मी विचारलं नाही.

तीरांचे प्रकार

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला. त्यात भिल्लांच्या तीरांचं वर्णन आहे: सुमारे गजभर लांब, काहींचं टोक सुरीसारखं चपटं, काहींचं खिळ्यासारखं गोल, पाखरांसाठी टोकाला गोळा असलेले बोथट तीर, म्हणजे पाखरू पडावं पण फाटू नये. मासे मारायचा तीर निराळा. त्याचं टोक काडीतून सुटतं, पण दोरीने काडीला बांधलेलं असतं. मासा टोक घेऊन पळाला की काडी पाण्यावर तरंगत त्याच्या मागे जाते आणि कुठे आहे ते दाखवते. त्या ग्रंथातले भिल्लांबद्दलचे शेरे वाचवत नाहीत, इतके ते वरून खाली बघून लिहिलेले आहेत. तीरांचं वर्णन मात्र चोख आहे. यातले सगळे प्रकार बाबांना करता येतात. भात्यात ठेवतात दोनच.

माशांचा तीर बंद पडण्याचं कारण नर्मदा. तो तीर चालतो उथळ, नितळ, वाहत्या पाण्यात, जिथे मासा दिसतो. पाण्यात मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून दिसेल त्याच्या खाली मारायचा. किती खाली, ते पाण्याच्या खोलीवर आणि तुम्ही किती तिरके उभे आहात त्यावर. हे गणित नर्मदाकाठच्या पोरांना चालायला लागल्यापासून कळत असे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावं आली, सगळी अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. धरणाचे दरवाजे 2017 साली बंद झाले, तेव्हा उंची 138.68 मीटर झाली. उथळ धार गेली, खोल गढूळ तळं आलं. तिथे जाळं लागतं, होडी लागते. कितीतरी कुटुंबं उतरून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आली, सोमावल, रेवानगरसारख्या वसाहतींत, जिथे मासा बाजारातून येतो. बाबांचं गाव बुडालं नाही. पण माशांचे तीर त्यांच्याकडून नेणारे सोयरे त्या काठचे होते.

पाखरांचा बोथट तीर कायद्याने गेला, आणि तो गेला हे बरं झालं असं मला वाटतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, जाळी, विष, सापळे यांच्याबरोबर धनुष्यबाणही आहेत. रानात आता ससा आणि तितर दिसणं हीच मोठी गोष्ट. बाबांनी तरुणपणी शिकार केली, ते लपवत नाहीत. आता रानात मारायला काही नाही आणि मारूही नये, असं त्यांचंच म्हणणं. पण त्याच कायद्याच्या काळात डोंगर कुणी उघडे केले, कोणाचे ट्रक रात्री उतरले, हेही ते बोलून दाखवतात, आणि ते त्यांनी बोलावंच.

नाळ

मुलगा झाला की त्याची नाळ तीराच्या फाळाने कापायची, ही भिल्लांतली जुनी चाल. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. ही गोष्ट नोंदीत घेतली ती फक्त नोंद पुरी व्हावी म्हणून. ती गेली याचं दुःख करू नये.

गलोल, गोफण, माळा

गलोल म्हणजे दोन दोऱ्यांचा छोटा कामठा. दोऱ्यांच्या मध्ये कापडाची झोळी, तीत मातीची भाजलेली गोळी. ज्वारी-बाजरी दाण्यावर आली की पोरं माळ्यावर बसून पाखरं हाकत. लांबच्याला गोफण, जवळच्याला गलोल. पायथ्याची ज्वारी कमी झाली. ऊस, केळी, पपई आली. उसाला पाखरं राखावी लागत नाहीत. माळे मोडले. आमच्या खोऱ्यात नेमबाजीची पहिली इयत्ता हीच होती. शाळा केव्हा बंद पडली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे म्हणताना माझा रोख उसावर नाही. याच उसावर आमचं घर उभं राहिलं.

बोटं

बाबा तीर सोडतात ते बघण्यासारखं असतं. बांधावर एक वाळलेली गोवरी टेकवलेली. गोवरी यासाठी की फाळ बोथट होत नाही. पंचवीसेक पावलांवरून बाबा उभे राहतात, थोडे तिरके, डावा पाय पुढे. कामठा वर उचलतानाच ओढायला सुरुवात होते आणि ओढ पुरी झाली की त्याच क्षणी तीर सुटलेला असतो. ताणून धरणं नाही, एक डोळा मिटणं नाही, श्वास रोखणं नाही. नजर गोवरीवर असते, तीराच्या टोकावर नसते. मी विचारलं, टोक बघत नाही का? ते म्हणाले, "दगड मारताना हात बघतो का माणूस?" तीर गोवरीत होता.

दोरी ओढतात तर्जनी आणि मधल्या बोटाने. अंगठा बाजूला, मोकळा. भिल्ल धनुर्धर अंगठा लावत नाहीत आणि याचा संबंध एकलव्याशी जोडतात. बाबांना विचारल्यावर त्यांनी हात दाखवला. अंगठ्याकडे बोट करून म्हणाले, "हा दिलेला आहे."

याच डोंगरात अस्तंबा आहे, धडगाव तालुक्यातलं उंच शिखर, 1325 मीटर. तिथे अश्वत्थामा राहतो. कपाळावरची जखम भळभळते म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो, हे तळोद्यापासून शहाद्यापर्यंत कुणालाही विचारा. धनत्रयोदशीपासून डोंगरावर यात्रा भरते. पाड्यापाड्यांतली तरुण पोरं हातात काठी घेऊन, रात्रभर चालून शिखर गाठतात. ज्या द्रोणाने अंगठा मागून घेतला त्याच्याच मुलाच्या जखमेसाठी ही पोरं दरवर्षी डोंगर चढतात. मला यापेक्षा मोठ्या मनाची गोष्ट या मुलखात दुसरी माहीत नाही. गुडघे धरायच्या आधी बाबा नेमाने जात. कामठा घेऊनच जात.

बंदूक

1825 साली जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातून उतरलेल्या भिल्लांच्या हातात बंदुका दिल्या, पगार दिला आणि त्यांच्याच भाऊबंदांवर पाठवलं. 1858 च्या 11 एप्रिलला सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या माणसांनी इंग्रजांच्या फौजेला तोंड दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांकडे तीरकामठेच होते. किती माणसं पडली याचे आकडे वेगवेगळे आहेत. कुठलाही घेतला तरी मन सुन्न होतं. बाबांच्या घरात आंबापाणीचं गाणं म्हणणारी त्यांची आत्या होती. गाणं तिच्याबरोबर गेलं. बाबांना चाल येते, शब्द येत नाहीत.

बंदुकीने कामठा लढाईतून काढला, पण घरातून नाही. तो काढायला पुढची दीडशे वर्षं आणि इतर गोष्टी लागल्या.

होळीचा कामठा

होळीआधीचे भोंगऱ्या बाजार, मग काठी गावची राजवाडी होळी, मग गावोगावच्या होळ्या. बावा-बुध्या अंगावर ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून नाचतात, आणि कितीतरी हातांत कामठे असतात. बाबांकडे मागणी येते ती आता यावेळी. हलका हवा, रंगीत कागद हवा, चमकी हवी. बाबा कागद लावतात, चमकीही लावतात. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. सणाची वस्तू नटलेली असावी असंच त्यांना वाटतं. एकच हट्ट आहे. कामठा दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी ते त्याला दोरी चढवून बांधावरच्या गोवरीत एक तीर मारतात. नाचणाऱ्याकडे तीर नसणार, तो दोरी ओढणारही नाही, दोन दिवसांत कामठा घराच्या आढ्याला लटकणार, हे त्यांना ठाऊक असतं. तरी तीर लागला नाही तर तो कामठा विकायचा नाही. एका पोराने घाईने, तसाच द्या म्हटलं. बाबांनी त्याच्या पैशांना हात लावला नाही.

मला या माणसाबद्दल एवढं का वाटतं हे कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, शहाद्यात, नंदुरबारला, धडगावला मिरवणुका निघतात. त्यात प्लायवूडचे कामठे असतात, बॅनरवर छापलेले असतात, पाहुण्यांना भेट द्यायला चकचकीत पॉलिशचे असतात. त्या दिवसाचा अभिमान खरा आहे आणि मी त्या गर्दीत उभा राहतो. पण शहाद्याच्याच मातीतले, श्रमिक संघटनेत वाढलेले कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत जो प्रश्न विचारला तो तिथे आठवतोच. स्टेजवर कामठा गेला. तो करणारा अजून खाली बसलेला आहे, आणि त्याला कुणी वर बोलावत नाही.

काचेतला कामठा

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 साली वर काढलं. त्यातून 137 अखंड धनुष्यं मिळाली, यू झाडाच्या लाकडाची, माणसापेक्षा उंच. ती मिळेपर्यंत आपल्या पूर्वजांचं धनुष्य नक्की किती जाड, किती जोराचं होतं हे तिथल्या जाणकारांना पुस्तकांतून ताडावं लागत होतं. करणारे केव्हाच संपले होते, वस्तूही जवळजवळ उरली नव्हती. समुद्राच्या चिखलाने ती जपली.

आपल्याकडे असा चिखल नाही. बांबूचा कामठा घुण खातो, धूर खातो, शेवटी चुलीत जातो. शंभर वर्षांपूर्वीचा कामठा पायथ्याच्या कुठल्याही घरात सापडायचा नाही, आणि सापडायची गरजही नव्हती. दर पिढीने नवा केला. वस्तू जपायची चाल इथे नव्हतीच. जपलेला होता तो हात.

अमेरिकेतला इशी आठवतो. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा उरलेला. शेवटची वर्षं सॅन फ्रान्सिस्कोला संग्रहालयात राहिला, 1916 साली वारला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुष्य करायला शिकले, 1923 साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकामुळे अमेरिकेत हजारो माणसं धनुष्याच्या नादी लागली. म्हणजे एका माणसाकडून एका माणसाने शिकून घेतलं तरी पुरतं. मात्र शिकणाऱ्याने शेवटचा दिवस यायच्या आत यायला हवं.

हिवाळा

ही या नोंदीतली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली.

बांबू तोडायचे दिवस म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंतचे. कामठा करायचेही तेच. ऊन कोवळं असतं, बांबू सावकाश वाळतो, तडकत नाही. आणि ऊस तोडायचे दिवसही तेच. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरून गाड्या भरभरून माणसं गुजरातकडे, सुरत-बारडोलीच्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर. होळीला परत येतात, कित्येक तर होळी करून पुन्हा जातात. बाबांचा मुलगा गेला, मग नातू जाऊ लागला. दोघांचेही हात चांगले आहेत, हे बाबाच सांगतात. नातू लहानपणी कोळशाची रेघ बरोबर जागी मारत असे. पण तो घरी असतो तेव्हा पावसाळा असतो, आणि पावसाळ्यात बांबूला हात लावायचा नाही. बेट उभं आहे, सुरी आहे, शिकवणारा आहे, शिकणाराही आहे. फक्त चौघांना मिळून एक हिवाळा मिळत नाही.

ऊस आणि बांबू, दोन्ही गवताच्याच कुळातले. एक तोडायला माणूस गेला म्हणून दुसरा उभा राहिला.

मैदान

तिरंदाज लिंबाराम राजस्थानातल्या आदिवासी पाड्यावरचा, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) निवड शिबिरात सापडला आणि 1988 साली सेऊलच्या ऑलिम्पिकला गेला. पुढे अर्जुन पुरस्कार, 2012 ला पद्मश्री. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. आदिती तेव्हा सतरा वर्षांची. त्यांची धनुष्यं कप्प्यांची, दुर्बिणीसारख्या भिंगाची. बाबांनी मोबाइलवर ती बराच वेळ बघितली आणि पोरीचा सोडायचा हात चांगला आहे एवढंच म्हणाले. खरोखरच तो चांगला आहे.

स्पर्धांत इंडियन राऊंड नावाचा प्रकार आहे, साध्या बांबू-लाकडाच्या धनुष्याचा, 50 आणि 30 मीटरवरून. परवडतो म्हणून शाळांतली मुलं त्यातूनच सुरुवात करतात. धनुष्य दुकानातून येतं, तीरही. मला वाटतं, आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत जिथे हा सराव होतो तिथे वर्षातले काही दिवस बाबांसारख्या माणसाला मानधन देऊन बोलवावं. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला, सहा तालुके, बहुसंख्य वस्ती आदिवासी. हे आपल्याकडे होणार नाही तर कुठे होणार? आश्रमशाळेतलं पोर हिवाळ्यात शाळेत असतं, उसाच्या फडात नसतं. तेव्हा हिवाळ्याचा प्रश्नही तिथे सुटतो.

मी हे बाबांपुढे काढलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. दोन अटी घातल्या. पोरांनी बांबू स्वतः चढावर जाऊन तोडून आणायचा, दुकानातला नको; आणि वनखात्याकडून तसा कागद आधी आणायचा, कारण पोरांना पळायला लावायचं त्यांच्या मनात नाही. कागदासाठीचा अर्ज मी लिहिला आहे. त्यावर बाबांनी अंगठा दिला नाही, सही केली, सावकाश, एकेक अक्षर.